नदीचा नारळ

पोशीर गावात पोहता न येणारा गडी शोधून सापडला नसता. तरी त्रेचाळीसच्या पावसात नदी ओलांडताना बायजाचा नवरा नामा वाहून गेला, तेव्हा हेच पट्टीचे पोहणारे काठावर हाताची घडी घालून उभे राहिले. का? तर नदीच्या तोंडचा घास काढू नये. काढला तर ती काढणाऱ्याच्या घरचं माणूस मागते. बायजाला पोहता येत नव्हतं. ती काठावर ऊर बडवत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात ती कमरेला दोन वाळके भोपळे बांधून डोहात उतरली. विधवा बाई कासोटा मारून पाण्यात हातपाय झाडतेय म्हणून अख्खं गाव हसलं. हसेना का! बायजाच्या नाकातोंडात पाणी गेलं, पण ती हटली नाही. पावसाळ्यात भातलावणीच्या बायका जिथून नदी ओलांडत, तिथं ती भोपळे आणि दोर घेऊन जाऊन बसली. तिला कुणी बसवलं नव्हतं आणि तिला उठवायची कुणाची छातीही नव्हती.

जीव टांगणीला लागला तो सासूचा. गोदूबाईला आता एकच लेक उरला होता, नामाचा धाकटा भाऊ शुक्रा.

"तू लोकांची मानसं काढशील, नि नदी माझा शुक्रा न्हेईल. घरात बस गं बाय."

"आत्या, त्यांना कुनी काढलं असतं तर आज तुमी दोन लेकांची आई असता."

यावर गोदूबाई डोळे पुसत चुलीकडं वळली.

आषाढात नेरळची काकणवाली सफिया पाय घसरून धारेला लागली. बायजानं तिला केसाला धरून ओढत काठावर आणलं. काकणांची टोपली गेली, सफिया राहिली. संध्याकाळी गोदूबाईनं सुनेपुढं नारळ ठेवला. काढणाऱ्यानंच तो नदीत सोडायचा आणि चूक झाली म्हणून हात जोडायचे, अशी रीत.

"चूक? मी नाय म्हननार. नवरा न्हेला तवा नदीनं मला नारळ दिलेला काय?"

त्या दिवसापासून गोदूबाई तो नारळ ओटीत घेऊनच फिरू लागली; आज ना उद्या सुनेचं डोकं ठिकाणावर येईल ही आशा. नदीजवळ गेलं की ती शुक्राचं मनगट धरून ठेवी. पंचविशीचा बाप्या, पण आई सोडील तर ना!

श्रावणात कडावची एक बाई वाहत आली. बायजानं तिला काठाला लावलं, पण भोपळ्यांचा दोर उंबराच्या मुळांत गुंतला आणि ती स्वतःच अडकली. पाणी हनुवटीला टेकलं.

"कुनी उतरू नका रं!" धोंडी पाटील ओरडला. "नदी काढनारीलाच मागतेय!"

पुन्हा तेच पट्टीचे पोहणारे, पुन्हा तीच हाताची घडी. बायजाला मरणाची भीती वाटली, पण त्याहून संताप आला. ती इथं बुडाली तर यांचंच खरं ठरणार होतं; मग पुन्हा कुणी कुणासाठी पाण्यात पाय घालणार नव्हतं.

"उतरा रं मेल्यांनो!" ती ओरडली आणि तोंडात पाणी गेलं.

शुक्रा हिसडे देत होता आणि गोदूबाईनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी आवळलं होतं. सासूसुनेची नजरानजर झाली. बायजानं हात जोडले नाहीत, नुसती बघत राहिली.

गोदूबाईनं मनगट सोडलं.

"जा रं. आन माज्या सुनेला."

शुक्रानं उडी घेतली, कमरेच्या कोयत्यानं दोर तोडला आणि वहिनीला ओढून काठावर घेतलं. दोघं चिखलात धापा टाकत पडली.

"गोदूबाय," धोंडी पाटील म्हणाला, "आता तरी नारळ सोडा. तुमच्या घरानं तिसरा घास काढला."

गोदूबाईनं ओटीतून नारळ काढला. लोकांनी तिला पाण्याकडं जायला वाट करून दिली. ती दोन पावलंही गेली नाही. तिथल्याच दगडावर तिनं नारळ आपटला, खोबऱ्याचा पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि दुसरा बायजापुढं धरला.

"खा गं," ती म्हणाली. "नदीला काय बी द्यायचं नाय."