पाहणीच्या सकाळचं पाणी

उभी हयात पाणीपुरवठा खात्यात काढलेल्या वैजनाथरावांनी शेजारच्या द्वारकाताईंच्या घरात अख्खं खडकवासला सोडलं, तेही नेमकं पाहणीच्या सकाळी.

झालं असं, की गुरुवारी पाणी बंद होतं. वैजनाथराव द्वारकाताईंच्या खिडक्यांना जाळी बसवायला गेले होते. निघताना त्यांनी सवयीनं स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. नळानं नुसता सुस्कारा टाकला. खातं दिल्या शब्दाला जागतंय, या समाधानात ते घरी जाऊन झोपले आणि नळ तसाच उघडा राहिला. शुक्रवारी पहाटे द्वारकाताई कसबा गणपतीला गेल्या आणि मागे पाणी आलं. नळाला लावलेली रबरी नळी पिंपातून उसळून जमिनीवर पडली. द्वारकाताई परतल्या तेव्हा पाणी जिना उतरून त्यांना घ्यायला खाली आलं होतं.

अकराला तनुजा मॅडम यायच्या होत्या, मुलं दत्तक देणाऱ्या संस्थेच्या. त्या घर बघणार, शेजाऱ्यांशी बोलणार आणि इथं मूल नांदेल की नाही, ते लिहून पाठवणार.

ही पाहणी दुसऱ्यांदा होती. पहिलीत द्वारकाताई पहिल्या वर्गात पास झाल्या होत्या. तेव्हा घरात पाळणा आला. पण नंबर काही लागेना, आणि पाहणीच्या कागदाची मुदत मात्र संपली. दरम्यान द्वारकाताईंचं वय वाढलं. आईचं वय वाढलं की मिळणाऱ्या मुलाचंही वाढतं, असा नियम. पाळणा वरच्या मजल्यावरच्या ऋतुजाच्या बाळाला गेला आणि त्या जागी छोटा पलंग आला. त्या पलंगावर द्वारकाताई इस्त्रीचे कपडेसुद्धा ठेवत नसत. कोथरूडात एवढी जागा कुणी रिकामी ठेवत नाही. पण वैजनाथराव त्यावर कधी काही बोलले नाहीत. पुण्यात जन्म काढून न बोलणं, ही त्यांची आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई.

शिवाय त्यांनी द्वारकाताईंना दुकानात पाहिलं होतं. त्या कर्वे रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात काम करत. मोठ्या माणसाला हवी ती फ्रेम देऊन त्या झटपट वाटेला लावत. पण पहिलाच चष्मा लागलेलं एखादं पोर आलं, की काउंटरच्या बाहेर येऊन खाली वाकायच्या, काडी कानामागे बसवायच्या. बसली तरी काढून पुन्हा बसवायच्या. शेवटी पोराची आई घड्याळ बघायला लागली, की हात मागे घ्यायच्या.

तर त्या सकाळी वैजनाथरावांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खराटा हातात घेतला. गाद्या कठड्यावर गेल्या, चपला पलीकडच्या दारापर्यंत तरंगत गेल्या. द्वारकाताई फडक्यानं पाणी टिपून बादलीत पिळत होत्या. मॅडमना फोन करून पुढची तारीख घ्यावी, असं वैजनाथरावांनी दोनदा सुचवून पाहिलं. द्वारकाताईंनी हातातलं फडकं असं पिळलं, की तिसऱ्यांदा सुचवायचं त्यांना धैर्य झालं नाही.

आणि तनुजा मॅडम वेळेआधीच आल्या.

"आपण?" त्यांनी दारातच विचारलं.

वैजनाथरावांनी आठवडाभर भाषण पाठ केलं होतं. द्वारकाताई किती शांत, सोसायटी किती सुरक्षित, आपण शेजारी म्हणून किती दक्ष. ऐनवेळी तोंडातून निघालं, "मी... नळ."

मॅडम ओल्या फरशीवरून जपून फिरल्या. विजेची बटणं बघितली, खिडकीची जाळी हलवून बघितली. घरात सगळं भिजलं होतं, फक्त छोट्या पलंगावर उचलून ठेवलेलं एक बुटकं टेबल कोरडं ठणठणीत होतं. पहिलीतल्या मुलाचे कोपर टेकतील एवढ्या उंचीचं. मॅडम त्याच्यापाशी थांबल्या.

"घरात मूल असतं आणि आज असं झालं असतं, तर काय केलं असतं?"

"होड्या करून दिल्या असत्या," द्वारकाताई म्हणाल्या. "मग काकांना आम्ही दोघांनी मिळून झापलं असतं."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. घर चांगलं आहे, मी तसंच कळवते, असं जाताना म्हणाल्या. नंबर कधी लागेल, ते मात्र त्यांच्या हातात नव्हतं. वाट बघणारी घरं फार आहेत, एवढंच त्या म्हणाल्या.

दार लागल्यावर द्वारकाताईंनी टेबल खाली घेतलं, कोरडंच होतं तरी पदरानं पुसलं आणि उजेड येतो तिथं खिडकीपाशी लावलं. त्यावर पेन्सिल नव्हती, पुस्तक नव्हतं, तरी वैजनाथराव त्याला वळसा घालून गेले. एवढा वेळ धरून ठेवलेला प्रश्न आता त्यांना आवरेना.

"द्वारकाताई, राग मानू नका. पण याही खेपेला नंबर नाही लागला, तर?"

द्वारकाताई कठड्यावरची गादी उलटत होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, "तर मोठं टेबल घेईन."