निळी धूळ

बाजारात त्याला सगळे फुंकर म्हणत. लॅपटॉप उघडला की आधी आत फुंकर मारायची, मग विचार करायचा, अशी त्याची पद्धत. पुढे दुकानात हवा मारायचं यंत्र आलं. पण चिकटलेलं नाव खरवडून काढायला बाजारात कुणाला सवड नव्हती.

धुळीवरून तो घर ओळखी. मांजर कुणाकडे आहे, सिगारेट सोडल्याच्या थापा कोण मारतं, ऑफिसचं काम अंथरुणात लोळून कोण करतं, हे झाकण काढलं की कळायचं. बोलत मात्र काही नसे. गिऱ्हाइकाचं पितळ उघडं पाडलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

त्याला घाम फोडला तो सख्ख्या बहिणीच्या लॅपटॉपने. ताई घरी बसून डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकायची आणि रुग्णांचे अहवाल टाइप करायची. लॅपटॉप तापून मधेच मान टाकायचा. फुंकरने साफ करून झालं, चिपची उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावून झाली, पंखाही बदलून झाला. ताई पुन्हा दुकानात उभी राहिली तेव्हा यंत्रापेक्षा तीच जास्त तापली होती.

"आजचं काम संध्याकाळपर्यंत गेलं नाही तर मला काढून टाकणार आहेत. तुला जमत नसेल तर तसं सांग, दुसऱ्याकडे जाते. परक्याला निदान मोकळेपणाने शिव्या तरी घालता येतात."

"मला घालताना कधी अवघडलीस?" असं म्हणत त्याने झाकण काढलं. गरम हवा बाहेर सोडणाऱ्या पट्ट्यांवर जाड थर बसला होता. इतक्या लवकर एवढी धूळ बसत नाही. शिवाय ही निळी होती. चिमट्याने उचलून त्याने उजेडात धरली. धूळ कसली, धागे होते.

"ताई, याला काही पांघरतेस का?"

"मी कशाला पांघरू? यंत्र आहे ते, तान्हं बाळ नव्हे," ताई म्हणाली आणि भिंतीवरची चार्जरची जाहिरात मन लावून वाचू लागली. खोटं बोलताना तिला लहानपणापासून वाचनाची गोडी लागे.

थर काढून, दुकान बंद करून तो तिच्याबरोबर घरी गेला. एकच खोली. भिंतीकडे तोंड करून भावोजी पलंगावर आडवे झालेले. छापखान्यात त्यांची कायमची रात्रपाळी. पलंगाला खेटून टेबल आणि टेबलावर निळ्या टॉवेलचं घरटं.

"घरघर होते रे," ताई कुजबुजली. "रात्रभर मशीनपाशी उभे असतात, दिवसाची काय ती झोप. म्हणून खाली टॉवेल घालते, बाजूच्या जाळीतही जरा खोचते."

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. याचे डोळे मिटतात."

त्याने टॉवेल ओढून काढला, लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली डब्यांची दोन झाकणं सरकवली आणि बटण दाबलं. ताईने काम उघडलं तसा पंखा मोकळ्या गळ्याने घरघरू लागला. ताई झटकन पलंगाकडे वळली.

"अहो, थोडाच वेळ हं…"

"चालू झालं का एकदाचं?" भावोजी भिंतीलाच म्हणाले. "सकाळपासून डोळ्याला डोळा नाही. आवाज थांबला की वाटतं, मशीनमध्ये कागद अडकला. दचकून उठतो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू इतक्या मायेने त्याला गुंडाळायचीस. म्हटलं, असेल हौस."

ताईने फुंकरकडे पाहिलं. फुंकर टॉवेलची घडी घालण्यात गढून गेला होता.

तिने हेडफोन चढवले. यंत्राने एकदाही डोळे मिटले नाहीत. शेवटचा अहवाल गेला तेव्हा बाहेर अजून उजेड होता आणि पंख्याच्या तालावर भावोजी घोरत होते. बंद करायला ताईने हात पुढे केला, मग मागे घेतला. पंखा थांबला तर ते उठतील, म्हणून तिने उद्याचं काम काढलं.