हळद लागलेलं कार्ड

माझा भाऊ आईशी आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि ते निस्तरायचं काम माझ्यावर टाकून गेला.

आज दादाला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दादा क्रिकेटची कार्डं जमवायचा. अंधेरीला एमआयडीसीत प्रिंटिंगमध्ये नोकरी, आणि नाहूरच्या आमच्या वन बीएचकेमध्ये कपाटाचा वरचा अख्खा कप्पा कार्डांचा. माझ्या साड्या खाली, बॅगेत.

त्यातलं एक कार्ड त्याचा जीव की प्राण. एका फास्ट बोलरचं, अगदी पहिल्या सीझनचं. बोलरचं नाव लिहीत नाही, कमेंटमध्ये भांडणं सुरू होतील.

अशी कार्डं ग्रेडिंगला अमेरिकेला पाठवतात. तिथे ती भिंगाखाली तपासून दहापैकी मार्क देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून परत धाडतात.

दादाला नऊची खात्री होती. आले आठ.

तो रात्रभर भिंग घेऊन बसला. सकाळी मला हाक मारली. "इकडे ये. हे बघ."

पांढऱ्या कडेवर पिवळट छटा. हळद.

कार्ड पाठवायच्या आदल्या दिवशी दसरा होता. आईने लॅपटॉपची पूजा केली, स्कूटरची केली, कात्रीचीसुद्धा केली. मग हे राहिलं तर पोराला वाईट वाटेल म्हणून टेबलावरचं कार्ड कव्हरमधून बाहेर काढलं. प्लास्टिकाक कसली पूजा, असं तिचं म्हणणं. हळद लावली, पदराने पुसली आणि कार्ड होतं तसं आत सरकवून ठेवलं.

मला वाटलं आता घरात महाभारत होणार.

पण आईच आधी बोलली. चहा गाळता गाळता, खुशीत.

"बघलंस? मी पूजा केलंय म्हणान आठ इले. नायतर काय इले असते?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"हो आई. तुझ्यामुळेच," म्हणाला, आणि हसला.

नंतर गॅलरीत मला दम दिला. "तिला कळलं ना, तर तुझी वाट लावीन."

पुढे दर बॅचला तोच घोळ. कार्ड पुन्हा पाठवायचं तर डबी फोडायला लागते. एकदा फोडली की जुने आठ गेले. नऊ येतील, सातही येतील. अंधेरीचा त्याचा मित्र मेहुल सगळ्यांची कार्डं एकत्र करून पाठवतो. तो म्हणायचा, "डाग मी काढतो ना यार, कळणारपण नाही." पण साफ केलेलं अमेरिकेत लक्षात आलं तर कार्ड मार्कांशिवाय परत.

दादा म्हणायचा, "पुढच्या बॅचला बघू."

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत मला म्हणाला, "त्या कार्डाचं तेवढं बघ."

मी विचारलं, "बघ म्हणजे काय रे? पाठवू की नको?"

तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर काढलं. नंतर तो बोललाच नाही.

वर्षभर मी त्या एका वाक्यावर त्याच्याशी मनातल्या मनात भांडतेय. असं अर्धवट बोलून कोणी जातं का?

आज सकाळी मेहुलचा मेसेज. "ताई, संध्याकाळी बॅच जातेय. दादाला नऊ पाहिजे होते. शेवटचं विचारतो."

दुपारी वर्षश्राद्धाला आलेले सगळे जेवून गेले. मी कार्ड काढलं, दादाची पक्कड काढली आणि डबीचा कोपरा पकडीत धरला. जरा जास्त जोर लागला असता तर कार्डच दुमडलं असतं.

"काय करतंस गो?"

आई दारात.

"काही नाही. दादाचं कार्ड परत पाठवायचं म्हणतेय. जास्त मार्क मिळतील कदाचित."

ती शेजारी बसली. डबी हातात घेतली, वरच्या आठावर बोट ठेवलं.

"धातले आठ. मगे दोन खंय गेले?"

मुलांची प्रगतिपुस्तकं बघून झालेली बाई. तिला हा प्रश्न आज ना उद्या पडणारच होता.

मी काहीही सांगू शकले असते. छपाई वाकडी होती, कोपरा झिजला होता. तोंडापर्यंत आलंही होतं. पण दादाचं खोटं निभवायला दादाचं हसू लागतं, आणि ते माझ्याकडे नाही.

मी सांगितलं. दसरा, हळद, पदर, सगळं.

आईने डबी मांडीवर ठेवली. मी स्वतःलाच म्हटलं, हे आजच कशाला बोललीस मूर्खासारखी.

मग म्हणाली, "तेका सगळा माहीत असताना तो माझ्यासमोर हासलो कसो?"

"खरंच हसला, आई. मी तिथेच होते."

तिने भिंग मागितलं. मी डाग दाखवला. खूप बारीक आहे तो, पण नीट बघितलं तर त्यात बोटाच्या रेषा दिसतात.

"ह्या माझा बोट," ती म्हणाली. आणि रडली. वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

मग डोळे पुसून डबी माझ्या हातात दिली. "पुसून टाक. माझ्या झिलाक नऊ होये होते."

तिने सांगितलं आणि मला एकदम दादाचं सगळं "पुढच्या बॅचला बघू" आठवलं. याच पकडीने त्याने कितीतरी डब्या फोडल्या होत्या. या डबीवर पकडीचा साधा ओरखडा नव्हता.

मी मेहुलला लिहिलं, "नाही पाठवत. थँक्स."

दादा, तुला नक्की काय सांगायचं होतं ते मला अजून माहीत नाही. मी माझ्या अकलेने ठरवलं. चुकलं असेल तर स्वप्नात येऊन भांड, मी वाट बघते.

तुझं कार्ड आता तुझ्या फोटोशेजारी आहे. आठच मार्क. आईच्या बोटासकट.

तुझी खूप आठवण येते रे. निवांत राहा.