दत्तारामचा पाण्याचा पेला

दत्ताराम परब अँबॅसॅडर चालवायचा आणि मी, सहदेव, फियाट. मरोळला भाऊरावांचा गाड्या भाड्याने द्यायचा धंदा होता. शेडमध्ये ह्या दोनच गाड्या, आणि कुठली भारी यावरून आमची रोज जुंपायची.

"तुझी अँबॅसॅडर म्हणजे म्हैस रे! वळायला मैदान लागतं. माझी फियाट बघ, सुटली की सुटली. गल्लीत एका दमात वळते."

दत्ताराम वाद घालायचा नाही. पितळी पेल्यात बोटभर कमी पाणी भरायचा, मागच्या सीटखाली ठेवायचा आणि साकीनाक्यापर्यंत चक्कर मारून यायचा. थेंब सांडलेला नसायचा. माझ्या फियाटमध्ये अर्धा पेला रिकामा! "आता बोल," एवढंच म्हणायचा, डांबीस मेला.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्याच्या सुगंधाला दिवस गेले. माणूस वेडा झाला नुसता. तिला तपासणीला न्यायचं तर सीटवर दोन गोधड्या घालायचा. मी हसायचो.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, भर दुपारी, त्याच्या शेजारची शकु धावत शेडवर आली. "दत्ताभाऊ, वहिनींना रक्त जातंय!" सातवा महिना चालू होता. मी फियाटची चावी त्याच्यापुढे धरली. "घे, हीच पळेल."

"तिला धक्का बसता कामा नये," तो म्हणाला आणि अँबॅसॅडर काढली. तोंडाचा पट्टा कधी बंद न ठेवणारा मी, चावी खिशात टाकून मुकाट त्याच्या बाजूला बसलो. मागे शकुच्या मांडीवर सुगंधाचं डोकं.

घाटकोपरपर्यंत खड्डा कुठे आला ते कळलं नाही, अशी त्याने गाडी नेली. पण हळू, किती हळू! हॉस्पिटलच्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडी आडवी. फियाट सहज निघाली असती. ही अडकली. पुढे, मागे, परत पुढे. मी उतरून हातगाडीवाल्याला नाही नाही ते बोललो. शेवटी गोधडीत घालून तिला उचलूनच नेलं.

"जरा आधी आणलं असतं तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगा होता.

सुगंधा वाचली. भेटायला येईल त्या बाईला ती सांगायची, "ह्येंनी माका एक धक्को लागाक दिल्यानी नाय." अभिमानाने सांगायची हो! दत्ताराम उठून बाहेर जायचा.

एकदा मी त्याच्या मागोमाग गेलो. नळापाशी उभा होता.

"तू चावी धरली होतीस ना?"

"हो."

त्याने माझी कॉलर धरली आणि ढसाढसा रडायला लागला. "रोज भांडतोस ना रे माझ्याशी? मग त्या दिवशी का नाही भांडलास?"