रोल्लातला किल्ट

स्कॉटिश साहेबांच्या मुलीचं लग्न फुजैऱ्याच्या किनाऱ्यावर, आणि ऑफिसातल्या आम्हा पुरुषांना किल्ट, म्हणजे त्यांच्याकडचा पुरुषांचा चुणीदार स्कर्ट, घालायचा हुकूम! दुकानात अठराशे दिरहम, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या वर. मी रोल्लाच्या स्वस्त बाजारातला एक टेलर गाठला. शाळेचे स्कर्ट आणि पडदे शिवणारा, रत्नागिरीकडचा. दोनशेत शिवतो म्हणाला. माप घेऊन झाल्यावर पँट वर दुमडायला लावून मला स्टुलावर बसवलं आणि माझ्या उघड्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

“वारा सुटला तर?” मी विचारलं.

“वाऱ्याचं मी बघतो. तुम्ही जेवणाचं बघा.”

लग्नात किनाऱ्यावर वारा सुटलाच. साहेब दोन्ही हातांनी आपला किल्ट धरून उभे. माझा हललाही नाही. काठ चाचपला, तर पडदा उडू नये म्हणून लावतात ती वजनं टेलरनं न सांगता आत शिवली होती.

मी एका हातात ताट धरलं आणि दुसऱ्यानं पोटभर जेवलो.