रसदसाहेब लॉन्ड्रीत येतात

नवरा फौजेतून निवृत्त होऊन घरी आला, याचा तिला आनंद झाला. पण तो घरी बसलाच नाही. मागच्या अंगणातल्या तिच्या लॉन्ड्रीत ठाण मांडून बसला आणि तिच्या डोक्याला ताप सुरू झाला.

दवाखान्यांच्या चादरी धुवून पोचवायचा धंदा तिने एकटीने उभा केलेला. त्याचा उभा जन्म बर्फातल्या ठाण्यांवर पीठ, बूट, डिझेल पोचवण्यात गेलेला. गल्लीत सगळे त्याला रसदसाहेबच म्हणत.

ती बहिणीकडे जाऊन आली, तर दारापासून मशीनपर्यंत साबणाच्या पावडरीच्या गोण्या. आत जायला तिरकं व्हावं लागत होतं.

"अहो, हे काय?"

"साठा. पुरवठा तुटला की ठाणं पडलंच समज."

"साबणवाला कोपऱ्यावर बसतो! कोण तोडतंय पुरवठा?"

"संकट सांगून येत नाही."

संकट आलं ते वाफेचं. लॉन्ड्रीतल्या दमट हवेने पावडरीचे दगड झाले. तिने त्याच्या हातात हातोडा दिला. दिवसभर ठकठक ऐकून तिचंच डोकं उठलं.

"पुरे! उद्यापासून चादरींच्या गाडीबरोबर जा. माझ्या डोळ्यांसमोर नको."

तो गेला. पहिल्याच दवाखान्यात ड्रायव्हर गठ्ठे उपसत बसला, हवा तो तळाशी सापडला, आणि तोवर दुसरा घसरून चिखलात पडला. आत नर्स चादरींसाठी खोळंबलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भरलेली गाडी सगळी रिकामी करायला लावली.

"आता काय आणखी? उशीर होतोय!" ती ओरडली.

"शेवटी उतरवायचं ते आधी चढवायचं," एवढंच म्हणून तो गठ्ठे लावत राहिला.

गाडी जेवणाआधीच परतली. "बाई, आज एकही गठ्ठा उपसावा लागला नाही," ड्रायव्हर म्हणाला. त्या बिचाऱ्यालाच ती इतकी वर्षं उशिरासाठी फैलावर घेत आली होती. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याचाच तिला संताप आला.

जेवताना ती म्हणाली, "गाडी तुम्ही भरायची. पण काय आणायचं आणि किती, ते मी ठरवणार."

तो भात कालवत म्हणाला, "तिथे कमी पडलं तर माणसं जायची गं. म्हणून हात सैलच राहिला."

तिचा आवाज जरा उतरला. "इथे जास्त झालं तर मी जाईन. गोण्यांना अडखळून."

तो हसला. त्यानंतर तो रोज गाडीबरोबर जाऊ लागला, चादरी वेळेवर पोचू लागल्या आणि तिला सकाळची शांतता मिळाली. महिनाभरच. मग एके दिवशी तो दारात येऊन म्हणाला, "अगं, गाडी बंद पडली तर? एक राखीव गाडी हवी."

तिने मशीन चालू केलं.