फाटकातल्या मोठ्या बाई

मोठ्या बाईंचे पाय दुखतात ही शाळेत कुणालाच बातमी नव्हती. इतकी वर्षं रोज सकाळी घंटेच्या आधी येऊन फाटकात उभं राहायचं म्हटल्यावर पायांनी तरी किती ऐकावं? पण बाईंचा हट्ट होता. मुख्याध्यापकाला शाळा खोलीत बसून कळत नाही, फाटकात उभं राहून कळते, असं त्यांचं म्हणणं. कोण रडून आलंय, कोण न खाता आलंय, हे त्यांना चेहऱ्यावरून समजायचं. घंटा झाली तरी त्या हलायच्या नाहीत. उशिरा येणाऱ्या प्रत्येक पोराची कर्मकहाणी त्यांना तोंडपाठ. कुणाला मुकाट्यानं आत सोडायचं आणि कुणाचा कान धरायचा, ते त्याच ठरवायच्या. वकील त्याच, न्यायाधीश त्याच आणि दरवानही त्याच.

शनिवारी दुपारी त्या संस्थेच्या इतर शाळांतल्या शिक्षकांना मुख्याध्यापकाच्या कामासाठी तयार करायच्या. त्यासाठी त्यांचा एक ठरलेला खेळ होता. एकाला मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसवायचं आणि आपण भडकलेला पालक व्हायचं. बाई अशा काही भडकायच्या की समोरच्याला दरदरून घाम फुटायचा. "निर्णय चुकला तर दुरुस्त करता येतो," त्या शेवटी सांगायच्या, "पण तो द्यावा लागतो, आणि तो तुमचा स्वतःचा असावा लागतो." त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज ठिकठिकाणी शाळा चालवत होती.

आणि स्वतःच्या शाळेत? दिव्याखाली अंधार. उपमुख्याध्यापिकेला सगळे धाकट्या बाई म्हणत. हुशार होत्या, कामाला वाघ होत्या. पण त्या खुर्चीत बसल्या की पालकाला हमखास म्हणायच्या, "मी मोठ्या बाईंना विचारून सांगते." पालक होऊन समोर बसलेल्या कोण, तर मोठ्या बाईच. वर्गात हशा पिकायचा. मोठ्या बाईंना हसू यायचं नाही. त्यांचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटलं होतं आणि मागे कुणी तयार नाही म्हणून संस्था मुदत वाढवत चालली होती.

"शाळेनं तुला नोकरीवर ठेवलंय की तू शाळेला दत्तक घेतलंयस?" नवरा विचारायचा. पूर्वी यावर दोघंही हसायचे. आता तो गरम पाण्याची बादली त्यांच्या पायांशी ठेवायचा आणि काही न बोलता आत जायचा. हे न बोलणंच बाईंना जास्त लागायचं.

यंदा त्यांनी संस्थेच्या सेक्रेटरींना स्पष्ट सांगितलं, "माझ्याच्यानं आता होत नाही."

"मग सत्र संपेपर्यंत कारभार धाकट्या बाईंच्या हातात द्या," सेक्रेटरी म्हणाले. "त्यांनी निभावलं तर तुम्ही मोकळ्या. नाहीतर काढा अजून एक वर्ष. काय करणार?"

बाईंनी खोली रिकामी केली, फाटकात उभं राहणं सोडलं आणि ग्रंथालयात टेबल मांडलं. सुरुवातीला धाकट्या बाई दर तासाला तिथे डोकवायच्या. पाण्याचा पंप बंद पडलाय, काय करू? चित्रकलेचे सर रजेवर आहेत, कुणाला पाठवू? बाई पुस्तकातून मान वर न करता म्हणायच्या, "खुर्चीत कोण बसलंय?" ऐकून धाकट्या बाईंचा चेहरा उतरायचा. हळूहळू त्या यायच्या थांबल्या.

मग एका सोमवारी शिपायानं सांगितलं, घंटा झाली की फाटक बंद, असा नवा नियम आला आहे. उशिरा येणाऱ्यांनी पहिला तास हॉलमध्ये बसायचं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पायांचं दुखणं विसरून त्या तरातरा ऑफिसच्या दारात गेल्या.

"हे कुणाला विचारून केलंत?"

"कुणालाच नाही," धाकट्या बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण नजर खाली गेली नाही. "बाई, तुमच्यासारखं फाटकात उभं राहणं मला नाही जमणार. मला एकेकाची गोष्ट पाठ नाही. मग मी कुणाला सोडू आणि कुणाला अडवू? त्यापेक्षा सगळ्यांना एकच नियम."

बाई दारातूनच परतल्या. निर्णय चुकीचा होता, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण तो धाकट्या बाईंचा स्वतःचा होता.

त्याच आठवड्यात सातवीतल्या एका मुलीची आई ग्रंथालयात आली. ही आई दवाखान्यात रात्रपाळीला आया होती. पाळी संपवून घरी पोचायची, लहान मुलाचं आवरायची, मग मुलीला घेऊन निघायची. मोठ्या बाई त्या मुलीला नेहमी पाठीवर हात ठेवून आत घ्यायच्या.

"रोज तिचा गणिताचा तास बुडतोय, बाई," आई म्हणाली. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "तुम्ही एक शब्द टाका. तुमचा शब्द कोण मोडणार?"

कुणीच मोडणार नव्हतं. घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. बाईंनी शब्द टाकला असता तर उद्या फाटक उघडलं असतं, आणि परवापासून धाकट्या बाई पुन्हा विचारायला आल्या असत्या. मग अजून एक वर्ष, तेच फाटक. पण आपण शब्द टाकत नाही ते शाळेच्या भल्यासाठी की आपल्या दुखऱ्या पायांसाठी, हे बाईंना प्रामाणिकपणे सांगता आलं नसतं. दमलेल्या माणसाला स्वतःचाही भरवसा वाटत नाही.

"आता शाळा धाकट्या बाई बघतात," त्या म्हणाल्या. "मला सांगितलंत ते सगळं त्यांना सांगा. काही लपवू नका."

"तुम्ही अशा नव्हता, बाई," आई म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिला फक्त आश्चर्य वाटलं होतं.

ग्रंथालयाच्या खिडकीतून समोर ऑफिसचं दार दिसायचं. धाकट्या बाईंनी उठून तिला खुर्ची दिली आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ बोलणं चाललं. बाईंनी पुस्तक उघडलं, पण वाचलं काहीच नाही. धाकट्या बाई आता विचारायला येतील असं त्यांना वाटत होतं. खरं म्हणजे त्यांनी यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. मग दार उघडलं, आई पदरानं तोंड पुसत बाहेर पडली, आणि धाकट्या बाईंनी बाहेर थांबलेल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.

आत काय ठरलं ते कुणी सांगायला आलं नाही. शाळा सुटली, पोरांचा गलका ओसरला. शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"कुणाची वाट बघताय का, बाई?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि टेबलाचा आधार घेत उठल्या.